ट्राय, टचडाउन आणि टेकलेला गुडघा

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की पेठा, तालमी आणि शाहू स्टेडियम. तो इतिहास इथं कुणाला सांगायला नको. रग्बी खेळणाऱ्या पोरांना मात्र पाहुण्यारावळ्यांत एकच प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात ते?" नव्हे, तो अमेरिकन फुटबॉल. पण घोळ विचारणाऱ्याचा नाही, शब्दांचाच आहे.

१८२३ मध्ये रग्बी गावच्या शाळेतल्या एका पोरानं चेंडू हातात घेऊन धूम ठोकली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ती सांगितली गेली १८७६ ला, तो माणूस वारल्याला चार वर्षं झाल्यावर. किती मानायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. लेखी नियम १८४५ चे, संघटना आणि इंग्लंड-स्कॉटलंड ही पहिली आंतरराष्ट्रीय लढत १८७१ ची. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढले आणि वितळवून करंडक घडवला. मुठीला तीन नाग, झाकणावर हत्ती. तो १८७८ ला विलायतेला गेला आणि त्याच्यासाठी इंग्लंड-स्कॉटलंड आजही भिडतात. १८९५ ला खेळापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची की नाही, यावरून उत्तर इंग्लंडचे क्लब बाहेर पडले आणि त्यांचा खेळ पुढं १३ जणांचा झाला. भरपाईला नाही म्हणणाऱ्यांची स्वतःची चूल मजुरीवर पेटत नव्हती, एवढं नोंदवायला हरकत नाही.

आता 'ट्राय'. शब्दाचा अर्थ प्रयत्न. सुरुवातीला शेवटच्या रेघेपलीकडे चेंडू टेकवून काही पदरात पडत नसे, फक्त गोलावर किक मारण्याचा 'प्रयत्न' करायची मुभा मिळे. किक हुकली की टेकवलेलं फुकट. हळूहळू टेकवण्यालाच भाव आला. १८९० च्या दशकात त्याचे ३ गुण झाले, १९७१ ला ४ आणि १९९२ पासून ५. त्यानंतरची किक २ गुणांवर राहिली. चेंडू असा जमिनीला लावण्याला तेव्हा 'टचडाउन' म्हणत. अमेरिकेनं हे नाव उचललं आणि टेकवणं तेवढं सोडून दिलं! तिथं चेंडूचं टोक रेघेवरच्या हवेत शिरलं तरी ६ गुण. त्यानंतर १ किंवा २ जादा गुणांची जी संधी मिळते, तिला त्यांच्या नियमपुस्तकात आजही 'ट्राय'च म्हणतात. जिथं टेकवावं लागतं तिथं नाव प्रयत्नाचं, आणि जिथं टेकवायचंच नाही तिथं नाव टेकवण्याचं.

दोन्ही खेळांची खरी फारकत जमिनीवरच झाली. मॉन्ट्रियलच्या विद्यापीठानं १८७४ ला हार्वर्डला रग्बीच्या वळणाचा खेळ दाखवला. १८८० ला येलच्या एका खेळाडूच्या आग्रहानं संघ ११ जणांचा झाला आणि चेंडूसाठी दोघांनी झुंजायच्या ऐवजी तो एकाच्या ताब्यात देऊन खेळ सुरू करायचं ठरलं. लगेच पळवाट निघाली. १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात एकानं अर्धा वेळ चेंडू दाबून ठेवला, उरलेला अर्धा दुसऱ्यानं. निकाल ०-०. म्हणून १८८२ ला 'डाउन' आला, म्हणजे तीन संधींत ५ यार्ड सरका, नाहीतर चेंडू द्या. १९०५ च्या हंगामात मैदानावर पोरं दगावली, तेव्हा १९०६ ला पुढं पास देण्याची मोकळीक मिळाली. रग्बीत तो आजही मागंच द्यावा लागतो. चौथी संधी १९१२ ची. हेल्मेट पुढं सक्तीचं झालं आणि माझ्या मते डोकं वाचवता वाचवता तेच शस्त्र झालं.

तर तिकडं पकडलेल्याचा गुडघा टेकला की शिट्टी, खेळ बंद. रग्बीत माणूस पडला तरी खेळ चालूच. पडलेल्यानं चेंडू सोडायचा, पाडणाऱ्यानं माणूस सोडायचा, आणि दोघांनी लगबगीनं बाजूला व्हायचं.

आपल्या तालमीतल्या पोरांचं घोडं नेमकं इथं अडतं. टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही. कुस्तीत पाय धरून पट काढायची सवय अंगात मुरलेली, डोकं समोरच्याच्या कुशीला बाजूनं लावायचं, हात गुंडाळायचे, हे आपसूक येतं. हात न गुंडाळता नुसता खांदा मारला तर रग्बीत फाउल आहे. अमेरिकन खेळात तो चालतो. पण मातीत वाढलेल्या पोराला 'पाठ लागेपर्यंत सोडू नको' हेच शिकवलेलं. परवा सरावाला एका दांडग्या गड्यानं सलग तीन वेळा पेनल्टी ओढवून घेतली. प्रत्येक वेळी टॅकल देखणा आणि मिठी घट्ट. कडेवरून ओरडा चालू, "आरं सोड की त्याला, कुस्ती न्हाई ही!"

इथली बहुतेक पोरं ७ जणांचा खेळ खेळतात, ७-७ मिनिटांचे दोन डाव. स्कॉटलंडमधल्या मेलरोजला १८८३ ला एका खाटकानं क्लबची तिजोरी भरायला हा तोडगा काढला, तो २०१६ ला ऑलिंपिकला पोचला. माणसं कमी, मैदान तेवढंच. मिठीत दोन सेकंद जास्त गेले की पलीकडं भगदाड पडलेलं असतं. चौथ्या वेळी त्या गड्यानं पाडलं, हात झटकले आणि उठून चेंडूवर झडप घातली. मग कडेवरचे गप्प झाले.