छोट्या खासगी विमानांची सक्तीची सुरक्षा दुरुस्ती : कोकणातील मालकांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

एखाद्या विमानप्रकारात असुरक्षित दोष आढळला आणि तोच दोष त्याच बनावटीच्या इतर विमानांतही असण्याची किंवा पुढे उद्भवण्याची शक्यता दिसली, तर त्या विमानाच्या रचनेला मान्यता देणाऱ्या देशाचे प्राधिकरण सर्व मालकांवर बंधनकारक असा आदेश काढते. त्याला उड्डाणयोग्यता निर्देश म्हणतात आणि हँगरमध्ये त्याला सगळे जण ‘एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह’ या इंग्रजी नावावरून नुसते ‘एडी’ म्हणतात. कारखान्याकडून येणारे सेवा परिपत्रक, म्हणजे सर्व्हिस बुलेटिन, आणि हा निर्देश या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परिपत्रक ही उत्पादकाची शिफारस असते, पण निर्देशाने तेच परिपत्रक पाळायला सांगितले की त्यातले प्रत्येक पाऊल सक्तीचे होते. आपल्याकडची बहुतेक दोन ते सहा आसनी पिस्टन इंजिनाची विमाने, म्हणजे सेस्ना, पायपर वगैरे, अमेरिकेत रचलेली असल्याने त्यांच्यासाठीचे निर्देश प्रामुख्याने तेथील संघीय विमान वाहतूक प्रशासनाकडून, म्हणजे एफएएकडून येतात. युरोपीय रचनेच्या विमानांसाठी ते युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेकडून येतात.

परदेशी प्राधिकरणाचा आदेश आपल्याला कसा लागू होतो, असा प्रश्न अनेक मालक विचारतात. शिकागो करार, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार, याच्या परिशिष्ट 8 नुसार रचनेच्या देशाने अशी सक्तीची माहिती नोंदणीच्या देशांना कळवायची असते आणि नोंदणीच्या देशाने ती आपल्या विमानांवर लागू करायची असते. भारतात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, करते. त्यामुळे शेपटीवर ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणी असलेले विमान जुहूला उभे असो, रत्नागिरीला असो किंवा वेंगुर्ले तालुक्यातील चिपीच्या विमानतळावर असो, लागू निर्देश मुदतीत पूर्ण केल्याशिवाय ते उड्डाणयोग्य मानले जात नाही. या साऱ्या व्यवस्थेचा कायदेशीर पाया आता 1 जानेवारी 2025 पासून अमलात आलेला भारतीय वायुयान अधिनियम, 2024 हा आहे. 1934 चा जुना विमान कायदा त्याने रद्द झाला.

जबाबदारी कोणाची आणि काम कोणी करायचे

या बाबतीत नियम स्पष्ट आहे आणि गैरसमजही इथेच सर्वाधिक आहेत. निर्देश वेळेवर पूर्ण होतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी नोंदणी प्रमाणपत्रावर नाव असलेल्या मालकाची असते, किंवा विमान भाडेकराराने दिले असेल आणि करारात तसे नमूद असेल तर ते चालवणाऱ्याची असते. देखभालीचे काम एखाद्या संस्थेला सोपवले तरी कोणते निर्देश लागू आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते याची माहिती मालकाला असायलाच हवी. ‘ते वर्कशॉपवाले बघतात’ हे उत्तर विमान जमिनीवर असेपर्यंतच चालते.

प्रत्यक्ष काम मात्र मालकाला करता येत नाही. मालक स्वतः वैमानिक असला आणि साधी देखभाल करण्याची त्याला मुभा असली, तरी निर्देशाखालील काम निर्देशातच स्पष्ट परवानगी असल्याखेरीज त्याला स्वतः करून सही करता येत नाही. ते मान्यताप्राप्त देखभाल संस्थेने किंवा त्या विमानप्रकाराचे अधिकार असलेल्या परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याने करायचे असते. पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी परवान्याचा संबंधित गट बी1.2 आहे. परवाना आहे एवढ्यावर थांबू नये, त्यावर तुमच्या विमानाचा प्रकार नोंदलेला आहे का, हे प्रत पाहून खात्री करून घ्यावे. निर्देशात एडी करंट किंवा तत्सम विनाविध्वंस चाचणी, म्हणजे भाग न तोडता आतला तडा शोधणारी चाचणी, सांगितली असेल, तर त्या चाचणीची पात्रता असलेली वेगळी व्यक्ती लागते आणि तिच्या पात्रतेच्या दाखल्याची प्रत दप्तरात ठेवावी लागते. नावातील साम्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो की, या चाचणीच्या नावातील ‘एडी’चा आणि निर्देशाच्या ‘एडी’चा काहीही संबंध नाही. एक धातूतील भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहाचे नाव आहे आणि दुसरे आदेशाचे.

निर्देश आपल्या विमानाला लागू आहे का, हे कसे पाहावे

प्रत्येक निर्देशाला क्रमांक असतो. एफएएच्या क्रमांकातील पहिला भाग वर्ष, दुसरा भाग त्या वर्षातील पंधरवडा आणि तिसरा त्या पंधरवड्यातील अनुक्रम दाखवतो. म्हणजे 2020-26-16 हा 2020 सालच्या 26 व्या पंधरवड्यातला 16 वा निर्देश होय. क्रमांकानंतर सर्वांत आधी ‘कोणाला लागू’ हा परिच्छेद वाचावा. तिथे विमानाचे मॉडेल, अनुक्रमांकांचे पट्टे आणि कधी कधी विशिष्ट भागाचा क्रमांक दिलेला असतो. मॉडेल जुळले म्हणजे निर्देश लागू झाला असे नाही, आणि मॉडेल यादीत नाही म्हणजे सुटलो असेही नाही. कारण इंजिन, पंखा (प्रोपेलर), मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारे उपकरण), कार्ब्युरेटर, सीटबेल्ट यांच्यासाठी वेगळे निर्देश निघतात आणि ते कोणत्याही विमानात बसवलेल्या त्या भागाला लागू होतात. विमान दुसऱ्याकडून विकत घेताना सर्वांत जास्त निसटणारी बाब हीच आहे. सांगाडा आणि इंजिन यांचे निर्देश नीट तपासलेले असतात, पण दहा वर्षांपूर्वी बदललेल्या मॅग्नेटोचा अनुक्रमांक कोणी पाहिलेलाच नसतो.

मुदत तीन प्रकारे दिली जाते : उड्डाण तासांत, उड्डाणांच्या किंवा आवर्तनांच्या संख्येत, किंवा दिनदर्शिकेनुसार. ‘यांपैकी जे आधी येईल ते’ अशी अट असेल तर कमी उडणाऱ्या विमानाच्या मालकाने विशेष सावध राहावे, कारण कोकणात पावसाळ्याचे चार महिने हँगरमध्ये थांबलेल्या विमानाचे तास वाढत नाहीत, पण महिने सरतच असतात. काही निर्देश एकदाच करायचे असतात, तर काही ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा करावे लागतात. काहींत भाग बदलला की पुढील तपासण्या संपतात. जुना निर्देश रद्द करून त्या जागी नवा आला, तर जुन्याची नोंद न पुसता त्यापुढे नव्याचा क्रमांक लिहावा.

पायपर पीए-28 आणि पीए-32 मालिकेतील अनेक विमानांसाठीचा वर उल्लेखलेला 2020-26-16 हा निर्देश नोंदी वाचण्याची सवय का हवी ते दाखवतो. 4 एप्रिल 2018 रोजी अमेरिकेत डेटोना बीच येथे प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या एका पायपर विमानाचा पंख हवेतच तुटून वेगळा झाला आणि विमानातील दोघांचा मृत्यू झाला. पंखाच्या मुख्य तुळईच्या खालच्या बाजूला, बोल्टच्या भोकापाशी, धातूच्या थकव्याने तडा वाढत गेला होता. निर्देशाने ही भोके एडी करंटने तपासायला सांगितली, पण मुदत नुसत्या एकूण तासांवर न लावता ‘गुणित सेवातासां’वर लावली. प्रशिक्षणासाठी किंवा भाड्याने उडणाऱ्या विमानांना दर शंभर तासांनी तपासणी लागते; लॉगबुकमध्ये नोंदलेल्या अशा तपासण्यांची संख्या घेऊन तिला शंभराने गुणायचे, एकूण तासांतून ते वजा करून उरलेल्याला 17 ने भागायचे आणि दोन्हींची बेरीज करायची. ही बेरीज 5,000 झाली की तपासणीची वेळ येते. एकूण 8,000 तास उडालेल्या आणि अशा 45 तपासण्या झालेल्या विमानाची बेरीज 4,500 अधिक सुमारे 206, म्हणजे 4,706 होते. उलट 6,000 तासच उडालेल्या, पण 60 तपासण्या झालेल्या विमानाची बेरीज थेट 6,000 येते. कमी उडालेले विमान आधी तपासायचे, कारण शिकाऊ वैमानिकांच्या हाती वारंवार उतरण्याचा भार त्याच्या पंखांनी अधिक सोसलेला असतो. जुन्या लॉगबुकची पाने हरवली असतील तर हा हिशेबच करता येत नाही, म्हणून विमान घेताना पहिल्या दिवसापासूनची लॉगबुके मागून घ्यावीत.

कोकणासाठी आणखी एक उदाहरण महत्त्वाचे आहे. सेस्नाच्या अनेक मॉडेल्सना लागू असलेला 2011-10-09 हा निर्देश आसनांच्या रुळांबद्दल आहे. वैमानिकाचे आसन जमिनीवरील रुळावर पुढेमागे सरकते आणि खुंटी भोकात बसली की जागेवर अडकते. भोके झिजून लांबट झाली किंवा खुंटी पुरेशी आत जात नसली, तर नाक वर करताना आसन अचानक मागे घसरते आणि वैमानिकाच्या हातातले नियंत्रण त्याच्याबरोबर ओढले जाते. म्हणून रुळाला तडे, भोकांची झीज, खुंटीची खोली, चाके आणि स्प्रिंग यांची ठराविक अंतराने तपासणी सक्तीची आहे. बुटांबरोबर आत येणारी तांबडी माती आणि किनाऱ्याची वाळू नेमकी या भोकांत साचते व खुंटी पूर्ण खाली बसू देत नाही. तपासणीआधी रूळ ब्रशने स्वच्छ करून भोक मोजावे, मातीसकट मोजलेले माप चुकीचे असते.

कागदपत्रे

अभियंत्याकडे किंवा कार्यशाळेकडे जाताना नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, चालू उड्डाणयोग्यता आढावा प्रमाणपत्र, विम्याची प्रत, मान्य देखभाल कार्यक्रम, आणि विमान, इंजिन व पंखा यांची लॉगबुके मूळ प्रतीत न्यावीत. सोबत बसवलेल्या सुट्या भागांची क्रमांक व अनुक्रमांकासह यादी आणि आजवरच्या निर्देशांचा स्थितितक्ता असावा. मालक स्वतः हजर राहू शकत नसेल, तर सही केलेले अधिकारपत्र द्यावे. विमान कंपनीच्या नावावर असेल तर संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत जोडावी. नवा भाग बसवायचा असल्यास त्याच्याबरोबर अधिकृत प्रमाणपत्र आलेच पाहिजे : अमेरिकी भागांना फॉर्म 8130-3, युरोपीय भागांना ईएएसए फॉर्म 1 आणि भारतात मान्य संस्थेकडून आलेल्या भागांना सीए फॉर्म 1. दुकानदाराचे बिल हे त्याऐवजी चालत नाही.

काम झाल्यावर लॉगबुकमध्ये जी नोंद होते तिच्याकडे मी सर्वांत कसून पाहतो. एका विमानाच्या नोंदीत मी ‘सर्व एडी पूर्ण’ एवढेच तीन शब्द आणि खाली सही पाहिली होती. कोणता क्रमांक, कोणत्या पद्धतीने, किती तासांवर, पुढची वेळ कधी, काहीच नाही. मग प्रत्येक निर्देश पुन्हा उघडावा लागला आणि झालेले काम सिद्ध करता न आल्याने काही तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या. नोंदीत निर्देशाचा क्रमांक व आवृत्ती, लागू असल्याचा किंवा नसल्याचा आधार, केलेले काम आणि पाळलेला परिच्छेद, तारीख, त्या वेळचे एकूण तास, पुनरावृत्ती असल्यास पुढील तास व तारीख, अभियंत्याचे नाव, परवाना क्रमांक आणि सही हे सर्व असावे. ‘लागू नाही’ असे लिहितानाही कारण द्यावे, उदाहरणार्थ ‘अनुक्रमांक पट्ट्याबाहेर’. आढावा प्रमाणपत्र एक वर्षासाठी असते आणि त्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तपासनीस सर्वांत आधी निर्देशांचा स्थितितक्ताच उघडतो.

मुदत संपली असेल, किंवा दुसरा मार्ग हवा असेल तर

कोकणात तुमच्या विमानप्रकाराची मान्यता असलेली कार्यशाळा जवळच मिळेल असे नाही. मुदत संपली आणि विमान रत्नागिरीत किंवा चिपीला अडकले, तर ते कार्यशाळेपर्यंत नेण्यासाठी विशेष उड्डाण परवानगी मागता येते. हा अर्ज डीजीसीएकडे करायचा असून महासंचालनालयाच्या बहुतेक सेवा आता ई-जीसीए पोर्टलवरून मिळतात. अर्जात उड्डाणाचे कारण, मार्ग, न पाळलेल्या निर्देशाचा तपशील आणि विमान या एका उड्डाणासाठी सुरक्षित असल्याचा अभियंत्याचा दाखला द्यावा लागतो. अशा उड्डाणात प्रवासी नेता येत नाहीत, केवळ आवश्यक कर्मचारी असतात आणि परवानगीत घातलेल्या अटी पाळाव्या लागतात. मात्र निर्देशातच असे उड्डाण मनाई केलेले असेल, तर अर्जात वेळ घालवू नये, अभियंत्याला विमानापाशी बोलवावे. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाच्या ताब्यात असल्याने तेथे काम करणाऱ्यांच्या आणि साहित्याच्या प्रवेशाची परवानगी वेगळी व वेळेआधी घ्यावी.

निर्देशात सांगितलेल्या पद्धतीपेक्षा वेगळी पण तितकीच सुरक्षित पद्धत वापरायची असेल, तर तिला अनुपालनाचा पर्यायी मार्ग म्हणतात आणि त्यासाठी आधी लेखी मान्यता लागते. काम करून मग मान्यता मागण्याची सोय नाही. उत्पादकाच्या तांत्रिक समर्थनाशिवाय असा अर्ज सहसा तग धरत नाही.

आता वेळेबद्दल. आपण मृगाआधी घर शाकारून घेतो, तशी पुनरावृत्तीची तपासणीही मे महिन्यात उरकून घेणे चांगले, मुदत ऑगस्टपर्यंत असली तरीही. खाऱ्या वाऱ्यामुळे ॲल्युमिनियमच्या जोडांत, रिव्हेटच्या डोक्याखाली पांढरट भुकटी दिसू लागते, रंगाखाली सुतासारख्या फुगलेल्या रेषा उमटतात आणि पोलादी बोल्टवर तांबूस थर चढतो. पंखाचे तपासणी झाकण उघडलेलेच आहे, तर निर्देशात मागितलेले एक भोक पाहून झाकण लावू नये, आतला सगळा कोपरा आरसा व बॅटरी घेऊन पाहावा. गंज आढळल्यास त्याची स्वतंत्र नोंद करून दुरुस्ती उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेत आहे का ते अभियंत्याकडून लिहून घ्यावे. त्याचबरोबर पिटो नळी (वेग मोजण्यासाठी हवा घेणारी नळी) आणि इंधनटाकीची वायुनळी कुंभारीण माशीच्या मातीने बुजलेली नाही ना, हेही तिथल्या तिथे बघून घ्यावे. नारळी पौर्णिमेनंतर पाऊस ओसरून विमान पुन्हा बाहेर काढताना स्थितितक्ता परत उघडावा, कारण पावसाळ्यात तुम्ही उडत नसलात तरी नवे निर्देश निघतच असतात. प्रत्येक पंधरवड्याला यादी पाहिली, तर हे काम अर्ध्या तासात होते.