दुपारचं युनिट, रात्रीचं युनिट

5 एप्रिल 2020, रविवार, रात्रीचे नऊ. टाळेबंदीत घरी बसलेल्या देशाने नऊ मिनिटांसाठी दिवे मालवून पणत्या लावल्या. विजेची मागणी 12-13 हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे 31 हजार मेगावॉटने कोसळली आणि दिवे लागताच पुन्हा वर चढली. तरी ग्रिड, म्हणजे देशभरच्या वीजतारांचं जाळं, टिकलं, कारण देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी काही मिनिटांत साडेसतरा हजार मेगावॉट निर्मिती खाली आणली आणि तितक्याच चपळाईने परत वाढवली. कोळशाच्या एकट्या केंद्रांना हे झेपलं नसतं. बॉयलरमधली वाफ नळासारखी बंद-चालू करता येत नाही.

तारांमध्ये वीज साठून राहत नाही. जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. कमी-जास्त झालं की विजेची वारंवारता 50 हर्ट्झवरून (सेकंदाला 50 आवर्तनांवरून) सरकते, आणि मागणी-निर्मितीचा मेळ घालणाऱ्या भार प्रेषण केंद्रात बसलेली माणसं फोन फिरवू लागतात. म्हणजे विजेला घड्याळ असतं. आपल्या कार्बनच्या हिशेबात मात्र ते घड्याळ क्वचितच दिसतं.

नेहमीचा हिशेब असा. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पण ते जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे 2.3 किलो. ही चूक नाही. पेट्रोलमधल्या प्रत्येक कार्बन अणूला हवेतले दोन ऑक्सिजन अणू चिकटतात, आणि वाढीव वजन त्यांचं असतं. लिटरला 50 किलोमीटर देणारी स्कूटर म्हणजे किलोमीटरमागे 46 ग्रॅम. इलेक्ट्रिक स्कूटरला, चार्जिंगमधली गळती धरून, शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट लागतात असं समजू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने देशातल्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोमीटरमागे 25 ग्रॅम. पेट्रोलच्या निम्म्याच्या जवळपास.

इथपर्यंत ठीक. पण 0.7 ही वर्षभराची, चोवीस तासांची सरासरी आहे. भर दुपारी राजस्थान-गुजरातपासून सोलापूरपर्यंतचे सौर प्रकल्प पूर्ण भरात असतात, तेव्हाचं युनिट या सरासरीपेक्षा बरंच स्वच्छ. रात्री आठला सूर्य नाही, घरोघरी दिवे-टीव्ही-एसी सुरू, आणि चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याचे कोळशाचे संच जोरात. कोयना हातभार लावते, पण वाढीव मागणीचा मोठा बोजा कोळशावरच. तेच मीटर, तेच युनिट, धूर वेगळा.

आपल्या हवामान धोरणातला एक मोठा आकडाही याच कारणाने थोडा सावधपणे वाचावा लागतो. 2030 पर्यंत वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता जीवाश्म इंधनाविना असेल, असं भारताने जगाला सांगितलं होतं. ते उद्दिष्ट 2025 च्या मध्यावर, पाच वर्षं आधीच गाठलं गेलं. अभिमानाची गोष्ट आहेच. पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सौर पॅनेल वर्षभरात आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास वीज देतं, कारण रात्र रोज होते आणि पावसाळा दरवर्षी येतो. प्रत्यक्ष युनिट मोजली तर आजही सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची.

मग दुपारची स्वच्छ वीज वाढली की प्रश्न सुटेल? तिथेच नवी अडचण उभी राहते. संध्याकाळी लागणार म्हणून कोळशाचे संच दुपारी बंद करता येत नाहीत. क्षमतेच्या साधारण 55 टक्क्यांपर्यंत त्यांना खाली आणता येतं, त्याखाली नेणं अवघड आणि यंत्राला त्रासदायक. त्यामुळे काही वेळा सौर प्रकल्पांनाच उत्पादन आवरायला सांगावं लागतं. राजस्थानात हे घडलं आहे. तिथे वीज वाहून न्यायला तारा कमी पडणं हेही कारण होतं. फुकटचं ऊन वाया, आणि तीन तासांनी कोळशाला घाई. म्हणूनच मला वाटतं, पुढची काही वर्षं ‘किती वीज वाचवली’ याच्या इतकंच ‘कधी वापरली’ याला महत्त्व द्यावं लागेल.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात मोठं उदाहरण शहरात नाही, रानात आहे. राज्यात सुमारे 47 लाख कृषिपंप ग्राहक आहेत. वर्षानुवर्षं शेतीला थ्री फेज वीज पाळीने मिळत आली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. शहरं-कारखाने शांत झाले की कोळशाच्या संचांना गिऱ्हाईक हवं, ते गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. रात्री दोनला लाइट येणार म्हणून बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, पायाखाली साप आहे का बघायचं, उसाच्या पट्ट्यात बिबट्याची धास्ती घ्यायची. लाइट कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून पंपाला ऑटो स्विच लावून झोपायचं. मग पिकाला गरज असो-नसो, पाणी वाहत राहायचं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज जवळच्याच शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीला, द्यायची. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा, हे काम आधी झालेलं असल्यामुळे हे शक्य झालं. त्या कंटाळवाण्या तारांच्या कामाची बातमी कधी पहिल्या पानावर आली नाही. योजनेचा गाजावाजा होतो तो दिवसा विजेसाठी, आणि तो रास्तच आहे. कार्बनच्या नजरेने पाहिलं तर पंप ही कमालीची सोयीची मागणी आहे. विहिरीतलं पाणी अकराला उपसलं काय नि दोनला, पिकाला फरक पडत नाही. मुंबईची लोकल अशी दुपारी पळवून ठेवता येत नाही. एक धोका मात्र आहे. दिवसाची, सवलतीची आणि खात्रीची वीज मिळाली की उपसाही वाढू शकतो, आणि उपसलेलं भूजल सूर्य भरून देत नाही.

दुपारची वीज रात्रीसाठी साठवायची जुनी युक्तीही सह्याद्रीतच आहे. अकोले तालुक्यात घाटघरला वरचा तलाव, कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला खालचा, दोन्हींच्या पातळीत सुमारे चारशे मीटरचा फरक. जास्तीची वीज असली की पाणी वर चढवायचं, टंचाई झाली की तेच खाली सोडून 250 मेगावॉटपर्यंत निर्मिती करायची. यातलं भौतिकशास्त्र सोपं आहे आणि थोडं निराश करणारंही. इमारतीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी चारशे मीटर उंच चढवली तर तिच्यात साठते जेमतेम एका युनिटची ऊर्जा. दीड टनी एसी तेवढ्यात तासभर चालेल. शिवाय पाणी चढवताना लागलेल्या ऊर्जेतला पाचवा ते चौथा हिस्सा परत मिळतच नाही. म्हणूनच अशा प्रकल्पांना तलाव लागतात, टाक्या पुरत नाहीत. घाटघर बांधलं तेव्हा रात्रीची स्वस्त कोळशाची वीज पाणी चढवील असा हिशेब होता. आता ते काम दुपारकडे सरकायला हवं. घाटात असे आणखी प्रकल्प येऊ घातले आहेत. जंगल किती जाणार हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी वेगळा विचारावा लागेल.

राहिला घरचा वापर. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी सौर तासांत वीज 10 ते 20 टक्के स्वस्त आणि मागणीच्या वेळी महाग करण्याची दिशा दिली. महावितरणनेही 2025 च्या जुलैपासून, वेळेची नोंद ठेवणारं स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 दरम्यानच्या वापरावर सवलत दिली, सुरुवातीला युनिटमागे 80 पैसे. वॉशिंग मशीन, गच्चीवर पाणी चढवणारी मोटर ही कामं सहज दुपारी जातात. पण नवरा-बायको दोघं नोकरीला असलेल्या घरात दुपारी फ्रिजशिवाय चालू काय असतं? झोपायच्या खोलीतला एसी रात्रीच लागणार. तिथे वेळेपेक्षा तापमान कामाचं: ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते.

आणि स्कूटर? ती बिचारी रात्री पार्किंगमध्ये चार्जिंगला लागते, म्हणजे नेमकी कोळशाच्या वेळी. दुपारी ती उभी असते हिंजवडीच्या, चाकणच्या, कॉलेजच्या, बाजार समितीच्या आवारात. तिला फास्ट चार्जर लागत नाही. तीन युनिटची बॅटरी साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर चार-पाच तासांत भरते. इलेक्ट्रिक वाहनांच्या अनुदानाचा मोठा भाग आजवर वाहनाच्या किमतीत गेला. त्यातला थोडा कंपन्यांच्या आणि कॉलेजांच्या पार्किंगमधल्या सॉकेटकडे, वरच्या छपरावरल्या सौर पॅनेलकडे आणि कुणाचं बिल किती हे दाखवणाऱ्या सबमीटरकडे वळवला तर तीच स्कूटर एकही किलोमीटर कमी न धावता आणखी स्वच्छ होईल.