सगळं श्रेय एंडॉर्फिनला नको

रोज सकाळी पळायला जाणाऱ्या कुणालाही विचारा, पळून आल्यावर एवढं हलकं का वाटतं? उत्तर ठरलेलं असतं : एंडॉर्फिन. १९७०च्या दशकात मेंदूत अफूसारखं काम करणारी रसायनं सापडली, तेव्हापासून हे उत्तर चालत आलंय. ते फार तर अर्धंमुर्धं खरं आहे.

व्यायामाने रक्तातलं एंडॉर्फिन वाढतं, पण त्याचा रेणू मोठा. रक्तातून मेंदूत तो सहजी शिरत नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या संशोधकांनी २०२१ मध्ये या समजुतीची नामी परीक्षा घेतली. एकूण ६३ जणांच्या या प्रयोगात ट्रेडमिलवर ४५ मिनिटं पळायचं होतं. मेख अशी, की त्यातल्या काहींना नाल्ट्रेक्झोन नावाचं औषध देऊन एंडॉर्फिनची मेंदूतली दारंच बंद केलेली. तरीही पळल्यावर त्यांचा मूड खुलला, चिंता कमी झाली! रक्तात वाढलेली सापडली ती एंडोकॅनाबिनॉइड : गांजातल्या घटकासारखी, पण शरीर स्वतःच तयार करतं ती रसायनं. ती स्निग्ध असल्याने मेंदूत सहज पोचतात.

अर्थात ही झाली तासाभराची तरतरी. नैराश्यासारख्या आजाराचं काय? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने १९९९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या १५६ नैराश्यग्रस्तांचे तीन गट केले. एकाला सर्ट्रालिन हे औषध, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. औषधाचा गुण लवकर आला, पण १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास बरोबरीत होते. पण याचा अर्थ कुणी गोळ्या परस्पर बंद कराव्यात असा नाही. हे रुग्ण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम करत होते.

मला अधिक विचार करायला लावतं ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं अमेरिकेतल्या १२ लाख प्रौढांचं विश्लेषण. व्यायाम करणाऱ्यांचे 'मन ठीक नसलेले' दिवस न करणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी होते. सर्वांत मोठा फरक दिसला सांघिक खेळांत. घरकामाचीही १० टक्क्यांच्या आसपास नोंद आहे (हे वाचून घरातल्या पुरुषांनी झाडू हाती घ्यायला हरकत नाही). ही पाहणी असल्याने कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे तिच्यातून सिद्ध होत नाही; मन खचलेला माणूस मुळात मैदानावर जातच नाही, असंही असेल. पण घाम तर जिममध्येही गळतोच. मग सांघिक खेळात जास्त काय मिळतं? मला वाटतं, माणसं. आपण आलो नाही तर कबड्डीचा डाव अडतो, एवढं कळलं तरी पाय घराबाहेर पडतात.

त्याच आकड्यांत एक वळण आहे. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, दर वेळी पाऊण तास, इथे फायदा सर्वाधिक. दिवसाला तीन तासांच्या वर गेलं, की मानसिक स्थिती व्यायाम न करणाऱ्यांपेक्षाही वाईट. अव्वल खेळाडूंचं तर अख्खं आयुष्यच त्या तीन तासांच्या पलीकडे जातं. शिवाय त्यांना डाव सोडून घरी जायची मुभा नसते. २००८ मध्ये बीजिंगला भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकल्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल अभिनव बिंद्रा उघडपणे बोलले आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला हवेत गिरक्या घेताना आपलं शरीर नेमकं कुठे आहे, हेच उमगेना. तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णं जिंकली.