पार्श्वभूमी: कमांडच्या आधी चालणारा हुक आणि बॅशचा डीबग ट्रॅप

टर्मिनलवर कमांड लिहून एंटर मारला, की ती चालू होण्याआधी शेलने (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) आपले एक छोटे फंक्शन चालवावे, इतकीच ही मागणी आहे; अशा जागेला हुक म्हणतात. ती पूर्ण झाली तर विंडोच्या शीर्षकात चालू कमांडचे नाव दाखवता येते, कमांडला किती वेळ लागला ते मोजता येते, लांबलेले काम संपल्यावर सूचना देता येते आणि प्रत्येक कमांड वेगळ्या डेटाबेसमध्ये नोंदवता येते. बॅश आणि झेडशेल हे असे दोन शेल. झेडशेल वापरणाऱ्याला यात इतिहास सांगण्याजोगे काही आहे हेच जाणवत नाही. त्याने प्रीएक्झेक नावाचे फंक्शन लिहिले की काम झाले. बॅश वापरणाऱ्यांना हीच सोय मिळवण्यासाठी फार काळ आडवाटेने जावे लागले. म्हणून या टिपणाचा बराचसा भाग बॅशबद्दल आहे.

सर्वांत जुन्या शेलांत असा हुक नव्हता. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधल्या बोर्न शेलात प्रॉम्प्टचा (कमांड लिहायला बोलावणाऱ्या खुणेचा) मजकूर बदलता येई आणि सिग्नल, म्हणजे चालू प्रोग्रामला येणारे इशारे, पकडायला ट्रॅप ही कमांड होती. टीसीशेल या दुसऱ्या शेलने पुढे खास नावांची काही उपनामे (कमांडींना दिलेली पर्यायी नावे) दिली. त्यातले ‘प्रीसीएमडी’ प्रॉम्प्ट छापण्याच्या अगदी आधी चालते आणि ‘पोस्टसीएमडी’ प्रत्येक कमांड चालण्याच्या आधी. दुसरे नाव वाचून आजही लोक फसतात. त्यातला ‘नंतर’ हा कमांड लिहून झाल्यानंतरचा आहे, ती चालून झाल्यानंतरचा नाही. टीसीशेलच्या मार्गदर्शिकेत दिलेला नमुना कमांडचा मजकूर एक्सटर्म या टर्मिनल-विंडोच्या शीर्षकपट्टीत दाखवण्याचा आहे, आणि या हुकाचा सर्वांत जुना घरगुती उपयोगही बहुधा तोच.

१९९० मध्ये आलेल्या झेडशेलात या जोडीला आजची सरळ नावे मिळाली: प्रॉम्प्टआधी प्रीसीएमडी, कमांडआधी प्रीएक्झेक. झेडशेलने केलेली खरी मोलाची गोष्ट म्हणजे प्रीएक्झेकला तीन अर्ग्युमेंट दिली. पहिल्यात वापरकर्त्याने टाइप केलेली ओळ जशीच्या तशी असते. दुसऱ्यात उपनामे उलगडलेले, एका ओळीत बसवलेले आणि लांबीची मर्यादा घातलेले रूप असते. तिसऱ्यात प्रत्यक्ष चालणारा पूर्ण मजकूर असतो. पुढे एकाच फंक्शनऐवजी फंक्शनांची यादी ठेवायची सोय झाली, त्यामुळे दोन वेगवेगळी साधने एकमेकांचा हुक पुसून न टाकता शेजारी नांदू शकली. हे ऐकायला किरकोळ वाटते. बॅशमध्ये मात्र नेमक्या याच दोन गोष्टींची उणीव सर्वांत जास्त छळते: पूर्ण ओळ मिळत नाही आणि जागा एकालाच मिळते.

बॅशमध्ये प्रॉम्प्टआधीचा हुक आहे. प्रॉम्प्ट_कमांड नावाच्या व्हेरिएबलमध्ये जे लिहाल ते प्रत्येक प्रॉम्प्टआधी चालते. कमांडआधीचा हुक म्हणून वेगळे असे काहीच नव्हते. जे होते ते डीबग ट्रॅप, आणि त्याचा जन्म वेगळ्याच कामासाठी झाला होता.

डीबग ट्रॅप, म्हणजे प्रत्येक साध्या कमांडपाशी आपला कोड चालवण्याची सोय, कॉर्न शेलातून आला. कॉर्न शेलच्या ८८ च्या आवृत्तीत तो प्रत्येक साध्या कमांडच्या नंतर चाले, ९३ च्या आवृत्तीत तो आधी चालू लागला. त्यामुळे नाव एक आणि वागणूक दोन, असा प्रकार झाला. झेडशेलात आजही यासाठी एक पर्याय आहे. तो चालू ठेवला तर ट्रॅप ९३ सारखा आधी चालतो, बंद केला तर ८८ सारखा नंतर. बॅश २.०५बी पर्यंत नंतर चालवण्याच्या बाजूला होते. २००४ मध्ये बॅश ३.० आले आणि ट्रॅप आधी चालू लागला.

हा बदल का झाला हे समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्रास त्यातूनच आले. ३.० मध्ये बॅश स्क्रिप्टसाठीच्या डीबगरला (ओळीओळीने थांबून चुका शोधणाऱ्या साधनाला) लागणाऱ्या सोयी मुख्य शेलात घेतल्या गेल्या. चालू होणाऱ्या कमांडचा मजकूर देणारे बॅश_कमांड हे व्हेरिएबल आले. ट्रॅप फंक्शनांच्या आतही चालावा यासाठी फंकट्रेस आले. एक्स्टडीबग हा पर्यायही आला, आणि तो चालू असताना ट्रॅपने शून्याखेरीज काही परत केले तर पुढची कमांड गाळली जाते. डीबगरला ओळ चालण्याआधी थांबायचे असते, चालून गेल्यावर थांबून उपयोग नाही. त्यामुळे ‘आधी’ हा निर्णय डीबगरच्या दृष्टीने बिनचूक होता.

पण डीबगरचा ‘आधी’ आणि प्रॉम्प्टसमोर बसलेल्या माणसाचा ‘आधी’ हे एक नाहीत. माणसाने एंटर एकदा मारलेला असतो. त्याच्या दृष्टीने कमांड म्हणजे ती अख्खी ओळ. डीबगरच्या दृष्टीने कमांड म्हणजे ओळीतला प्रत्येक साधा तुकडा. एलएस या कमांडचे आउटपुट पाइपने (एकीचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीने) ग्रेप या कमांडला दिले तर ट्रॅप दोनदा चालतो. एकाच ओळीत फॉर लूप लिहिला तर प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा चालतो. याउलट, संपूर्ण ओळ कंसात घालून सबशेलमध्ये (शेलच्या वेगळ्या प्रतीत) पाठवली तर तो चालतच नाही, कारण फंकट्रेस नसेल तर सबशेलकडे ट्रॅपचा वारसा जात नाही. शिवाय प्रॉम्प्ट_कमांडमधल्या कमांडींसाठीही तो चालतो आणि टॅब दाबल्यावर अर्धा शब्द पुरा करणाऱ्या कंप्लीशन फंक्शनांसाठीही. माझ्या मते बॅशने त्याच वेळी ‘ओळ वाचून झाली, आता चालवतो आहे’ या क्षणासाठी स्वतंत्र जागा द्यायला हवी होती. शेलाला तो क्षण नेमका माहीत असतो. आपण मात्र तो बाहेरून ओळखण्याची धडपड करत राहतो.

त्या धडपडीतून बॅशसाठी प्रीएक्झेकची नक्कल करणारी एक शेल-लायब्ररी तयार झाली आणि ती सर्वदूर वापरली गेली. तिची युक्ती हुशारीची आहे. प्रॉम्प्ट_कमांडच्या शेवटी ती एक खूण उभी करते: आता माणूस टाइप करणार. त्यानंतर डीबग ट्रॅप पहिल्यांदा चालला की खूण खाली करते आणि हुक चालवते. त्याच ओळीतले पुढचे ट्रॅप खूण नसल्यामुळे दुर्लक्षित होतात. कंप्लीशन चालू असेल तर ती गप्प बसते. ही युक्ती एका अटीवर उभी आहे, की प्रॉम्प्ट_कमांडमध्ये लायब्ररीच्या मागून दुसऱ्या कोणी काही जोडू नये. जोडलेच, तर त्या जोडलेल्या कमांडलाच माणसाची कमांड समजून हुक चालून जातो. म्हणूनच बॅशच्या सेटिंग फाइलमध्ये ही लायब्ररी सर्वांत शेवटी घ्या, असे तिच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. आज पाच साधने आपापली ओळ त्याच फाइलच्या शेवटी टाकतात. सगळ्यांनाच शेवटचे व्हायचे असते.

आता ओळीच्या मजकुराचा प्रश्न. बॅश_कमांडमध्ये पाइपचा फक्त पहिला तुकडा हाती लागतो. पूर्ण ओळ हवी तर ती एकाच ठिकाणी आहे: हिस्टरीत, म्हणजे लिहिलेल्या कमांडींच्या नोंदवहीत. म्हणून लायब्ररी हिस्टरीतली शेवटची नोंद वाचते. पण पुष्कळ लोकांनी हिस्टकंट्रोल या व्हेरिएबलमध्ये इग्नोरस्पेस लावलेले असते, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा सोडली तर ती ओळ हिस्टरीत जात नाही. पासवर्ड किंवा टोकन असलेल्या कमांडसाठी हा जुना, पक्का रिवाज आहे. अशी ओळ आली की हिस्टरीतली शेवटची नोंद मागच्याच कमांडची असते आणि हुकाला चुकीचा मजकूर मिळतो. यावर लायब्ररीने घेतलेला निर्णय असा, की तिने वापरकर्त्याच्या हिस्टकंट्रोलमधून इग्नोरस्पेस काढून टाकले. इग्नोरबोथ असेल तर त्याचे इग्नोरडुप्स केले, म्हणजे लागोपाठच्या सारख्या ओळी गाळणे तेवढे राहिले.

याच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. हुकाला खोटा मजकूर देणे हाही दोषच. लायब्ररी हा बदल उघडपणे करते, तिच्या कोडमध्ये तो वाचता येतो. पण मला हा निर्णय पटलेला नाही. मोकळी जागा सोडून लिहिणारा माणूस शेलाला स्पष्ट सांगतो आहे, की ही ओळ लिहून ठेवू नकोस. शीर्षकपट्टीत बरोबर नाव यावे म्हणून ती सूचना मोडणे हा उलटा प्राधान्यक्रम झाला. त्यातून हे बदलले आहे हे कळायला वाव नसतो, कारण बहुतेकांनी ती लायब्ररी स्वतः आणलेलीच नसते. टर्मिनलच्या शेल-जोडणीतून किंवा दुसऱ्या एखाद्या साधनातून ती सोबत येते, आणि गुप्त समजलेली ओळ बॅशच्या हिस्टरी फाइलमध्ये जाऊन बसते. गाळायची ओळ हुकालाही देऊ नये, एवढा तोटा मी आनंदाने पत्करला असता.

दरम्यान बॅशमध्येच हालचाल झाली. सप्टेंबर २०१६ च्या ४.४ आवृत्तीत पीएस० हे व्हेरिएबल आले. ओळ वाचून झाल्यावर आणि ती चालण्याआधी याचा मजकूर उलगडून छापला जातो, आणि तोही ओळीमागे एकदाच, पाइप कितीही असोत. म्हणजे नेमका तो क्षण अखेर मिळाला, पण छापण्यापुरता. पीएस० मध्ये कमांड-सब्स्टिट्यूशन (कमांडचे आउटपुट त्याच जागी भरणे) लिहिले तर ते सबशेलमध्ये चालते, आणि तिथे ठेवलेली सुरुवातीची वेळ सबशेल संपताच नाहीशी होते. लोकांनी यातूनही वाट काढली. स्ट्रिंगचा तुकडा कापायच्या जागी गणिती अभिव्यक्ती लिहायची, तिच्यात व्हेरिएबलला किंमत द्यायची आणि कापलेला तुकडा शून्य लांबीचा ठेवायचा, म्हणजे काहीच छापले जात नाही. २०१९ च्या ५.० मध्ये सेकंदांची वेळ थेट देणारी व्हेरिएबले आल्यावर डेट कमांड न बोलावता कमांडचा वेळ मोजणे या युक्तीने शक्य झाले.

मॅकवाल्यांना यातले काही मिळाले नाही. परवान्याच्या कारणाने मॅकसोबत येणारे बॅश ३.२ वरच थांबलेले आहे, आणि २०१९ मध्ये तिथला ठरलेला शेल झेडशेल झाला. त्यामुळे दोन्हीकडे चालायला हवे अशा साधनांना डीबग ट्रॅपची जुनी वाट सोडता येत नाही.

डिसेंबर २०२० च्या ५.१ मध्ये प्रॉम्प्ट_कमांडला ॲरे (एका मजकुराऐवजी मजकुरांची यादी) होता येऊ लागले. आधी प्रत्येक साधन एकाच स्ट्रिंगला अर्धविरामाने आपला मजकूर चिकटवे, आणि दोन अर्धविराम लागोपाठ आले की प्रत्येक प्रॉम्प्टला सिंटॅक्सची चूक दिसे. जुलै २०२५ च्या ५.३ मध्ये चालू शेलातच चालणारे कमांड-सब्स्टिट्यूशन आले, जे कॉर्न शेल ९३ मध्ये आधीपासून होते. पीएस० सोबत ते वापरले की हुक खऱ्या अर्थाने हुक होतो: ओळीमागे एकदा, व्हेरिएबले टिकवून, डीबग ट्रॅपला हात न लावता. टाइप केलेली ओळ मात्र अजूनही हिस्टरीतूनच घ्यावी लागते.

फिश या शेलने हा प्रश्न इव्हेंटच्या (घटनेच्या) रूपात सोडवला. फिश_प्रीएक्झेक या इव्हेंटला कितीही फंक्शने जोडता येतात आणि ओळीचा मजकूर अर्ग्युमेंट म्हणून मिळतो. हुकाला कमांड थांबवता यावी का, यावर मात्र शेलांचे एकमत नाही. झेडशेलच्या प्रीएक्झेकला ते करता येत नाही, त्यासाठी ओळ स्वीकारणाऱ्या विजेटलाच (एंटरवर चालणाऱ्या संपादन-फंक्शनलाच) गुंडाळावे लागते. बॅशमध्ये एक्स्टडीबगमुळे ते शक्य आहे.

आज या हुकाची सर्वाधिक गरज टर्मिनल प्रोग्रामांना आहे. फायनलटर्म नावाच्या, पुढे बंद पडलेल्या टर्मिनलने एस्केप-कोड (टर्मिनलला दिलेली, न दिसणारी सूचना) १३३ ची पद्धत आणली: ए म्हणजे प्रॉम्प्टची सुरुवात, बी म्हणजे माणसाच्या टाइपिंगची, सी म्हणजे आउटपुटची आणि डी म्हणजे शेवट, सोबत एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली की फसली हे सांगणारा आकडा). यातला सी पाठवायचा क्षण म्हणजेच प्रीएक्झेक. मागच्या प्रॉम्प्टवर उडी मारणे, एका कमांडचे आउटपुट तेवढे निवडणे, फसलेल्या कमांडपुढे लाल खूण दाखवणे हे सगळे या चार अक्षरांवर चालते. अनेक टर्मिनलांनी ही पद्धत उचलली, आणि एका लोकप्रिय कोड-एडिटरने तिच्या धर्तीवर ६३३ हा स्वतःचा क्रमांक काढून त्यात टाइप केलेली ओळ पाठवण्यासाठी आणखी एक अक्षर घातले. बॅशसाठीच्या अशा जोडण्यांमध्ये पीएस० आणि डीबग ट्रॅप या दोन्ही वाटा आजही वापरात दिसतात.