पार्श्वभूमी : ‘झुडपी’ या नोंदीभोवती वाढलेला पेशा

पूर्व विदर्भात पर्यावरणाच्या अर्थशास्त्राचं काम करायला येणाऱ्याला सगळ्यात आधी निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या वापराची सरकारी नोंद, वाचता यावं लागतं. जंगलाची किंमत काढायची सूत्रं पुस्तकातून शिकता येतात. गट कोणता, नोंद कोणाची आणि कोणत्या सालची, हे मात्र तहसीलच्या अभिलेख कक्षात बसूनच कळतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत असं काम सहसा ‘झुडपी जंगल’ या दोन शब्दांपाशी येऊन अडतं.

मालगुजारीत, म्हणजे इकडच्या जमीनदारी पद्धतीत, गावाची पडीक जमीन ढोरं चारायला, सरपणाला, खळ्याला, मसणवटीला लागायची. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि या जमिनी सरकारजमा झाल्या. पळस, भराटी, बोरी, हिवर, अधूनमधून एखादा मोह असं जिथे उभं होतं, तिथे कागदावर ‘झुडपी जंगल’ चढलं. नोंद करणाऱ्याने जमिनीवर काय उगवलंय ते लिहिलं. गाव तिचं काय करतं ते निस्तारपत्रकात गेलं. पश्चिम महाराष्ट्रात अशा बऱ्याच जमिनीला गायरान म्हणतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. इकडे शेपटाला ‘जंगल’ लागलं होतं. पुढची सगळी भानगड त्या शेपटाची.

१९८० चा वनसंवर्धन कायदा आला तेव्हा या जमिनींवर शाळा, दवाखाने, घरकुलं, बसस्थानकं उभी होती किंवा उभी राहत होती. मग सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा आदेश आला: मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे आणि सरकारी दप्तरात ज्याची वन म्हणून नोंद आहे, ते सगळं वन. एकही झाड नसलेला, मध्यभागी अंगणवाडी असलेला गटही त्यात अडकू लागला. वन व्यवस्थापनाला अयोग्य ठरलेली झुडपी जमीन सुमारे ८६,४०९ हेक्टर आहे. ‘अयोग्य’ हा शेरा मारला की जमीन मोकळी होते, असा समज महसूल खात्यात बरीच वर्षं होता. तो चुकीचा होता, आणि त्याची किंमत घरकुलवाल्यांनी मोजली.

जंगलाचा पैशातला हिशेब त्यानंतरचा. वनजमीन बिगरवन कामासाठी वळती करणाऱ्याकडून निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्या वनाच्या पुढच्या लाभांची आजच्या पैशातली किंमत, घ्यायचं, हे २००२ मध्ये ठरलं. अर्थतज्ज्ञांच्या समितीचा अहवाल २००६ चा, आणि २००८ मध्ये दर ठरले: हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये. २०२२ मध्ये ते सुमारे दीडपट झाले. दर वनाच्या वर्गावर आणि छत्राच्या घनतेवर, म्हणजे झाडांच्या माथ्यांनी किती जमीन झाकली यावर, ठरतो: ७० टक्क्यांवर अतिघन, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. १० टक्क्यांखाली उरतं ते खुरटं रान. म्हणजे झुडपी जमीन या शिडीच्या तळाशी, आणि गावाचा रोजचा वापर मात्र तिथेच सगळ्यात दाट. पद्धतीतला हा दोष आहे. त्याला तांत्रिक मर्यादा म्हणणं फार सौम्य झालं.

चुका होतात त्या ठरलेल्या जागी. मार्च-एप्रिलचं उपग्रहचित्र घेतलं तर सागाची, पळसाची पानं झडलेली असतात आणि घनता कमी दिसते; पावसाळा संपताच घेतलं तर तरोट्यासारखं पावसाळी तणही हिरवळीत धरलं जातं. म्हणून चित्र ऑक्टोबर ते डिसेंबरचं घ्यावं आणि जागेवर जाऊन ताडून पाहावं. चराईची किंमत काढताना ढोरं गुणिले चराईचे दिवस गुणिले कुटाराचा (सुक्या चाऱ्याचा) भाव इतकं पुरतं, पण दिवस गुराख्याला विचारूनच धरावेत. वर्षाचे ३६५ धरले की आकडा फुगतो, कारण पीक निघाल्यावर ढोरं शेतात चरतात. सूट-दर, म्हणजे पुढचे लाभ आजच्या किमतीत आणताना दरवर्षी ज्या टक्क्याने घटवायचे तो दर, तर सगळा निकालच फिरवतो: हेक्टरी वर्षाला १,००० रुपयांचा लाभ २० वर्षं धरला, तर ५ टक्क्यांनी आजचं मूल्य सुमारे १२,४६२ रुपये येतं, १० टक्क्यांनी ८,५१४. अहवालात दर न सांगता नुसतं मूल्य दिलेलं असेल तर तो परत पाठवावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालाने झुडपी जमीन वनच, असं पक्कं केलं. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत रीतसर वाटप झालेल्या आणि वर्गीकरण न बदललेल्या जमिनींना वनाच्या यादीतून वगळण्याची वाट दिली, तीही पर्यायी वनीकरण आणि निव्वळ वर्तमान मूल्य न घेता. नंतरच्या वाटपाची कारणं राज्याने द्यायची, वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या नावांसह. दुसऱ्या प्रकल्पाच्या बदल्यातली झाडं झुडपीवर लावण्याची पळवाटही आवळली: बिगरवन जमीन उरलीच नाही असं मुख्य सचिवांचं प्रमाणपत्र हवं.

त्यामुळे सध्या मागणी आहे ती गटवार छाननी करणाऱ्यांना. वाटपाचा आदेश, त्याची तारीख, आजचा वापर आणि मोजणीचा नकाशा हे चारही एका ओळीत बसले पाहिजेत. बहुतेकदा नकाशा बसत नाही. ३ हेक्टरांहून लहान आणि कोणत्याही वनाला न लागलेले तुकडे संरक्षित वन व्हायचे आहेत. तिथे चालत आलेली चराई २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क म्हणून मागता येते, कारण त्या कायद्यात ‘निस्तार’ हा शब्द जसाच्या तसा आहे. दाव्याला पुरावा म्हणून जोडायचं ते पुन्हा निस्तारपत्रकच.