उंचावरील तळ्यांचे एकदिवसीय कौटुंबिक पदभ्रमण : नोंदणीपूर्वी वाचावयाची माहिती

आमच्या एकदिवसीय कार्यक्रमांपैकी डोंगरातील तळ्यांच्या वाटेची चौकशी कुटुंबांकडून सर्वाधिक होते आणि तिच्याविषयीच सर्वाधिक गैरसमज असतात. छायाचित्रात निळेशार पाणी आणि काठावर बसलेली मुले दिसतात. त्या काठापर्यंत नेणारा चढ मात्र छायाचित्रात येत नाही. ही वाट आम्ही ‘कठीण’ या वर्गात ठेवली आहे. चालण्याची सवय असलेली मुले ती पूर्ण करू शकतात, परंतु त्यासाठी दिवसाची आखणी तळ्यावर पोहोचण्याच्या नव्हे, तर तेथून परत फिरण्याच्या वेळेवरून करावी लागते. हे पत्रक मुख्यतः त्या आखणीविषयी आहे.

चढ असा का असतो

उंच पर्वतांमधील बरीचशी तळी हिमनद्यांनी घडवलेली आहेत. डोंगराच्या कुशीत साचलेले बर्फ सरकताना खालचा खडक कोरत जाते आणि ते वितळून गेल्यावर मागे एक खोलगट भाग उरतो, ज्याच्या तोंडाशी अखंड खडकाचा किंवा हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीचा बांध असतो. या बांधाआड पाणी साठते. एकाच दरीत असे बांध एकावर एक असले की तळ्यांची माळ तयार होते आणि वाटही जिन्यासारखी टप्प्याटप्प्याने वर जाते: खडा चढ, थोडी सपाटी, पुन्हा खडा चढ.

याचा चालणाऱ्यावर होणारा परिणाम ध्यानात घ्यावा. बांध ओलांडेपर्यंत तळे दिसत नाही आणि सर्वांत उभा टप्पा बहुधा शेवटी, पाय थकल्यावर येतो. तो अनेकदा घसाऱ्याचा असतो. पाऊल टाकले की सुटे दगड सरकतात आणि मुलाचे पाऊल अर्धे मागे येते. अशा जागी दोन व्यक्तींनी एकाच्या बरोबर खाली दुसरी असे चालू नये, कारण वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खालच्याकडे जातो. ‘आलेच आता’ असे मुलांना वारंवार सांगणेही टाळावे, कारण दोनदा खोटे ठरल्यावर तिसऱ्यांदा त्याचा उपयोग होत नाही. पुढची सपाटी दाखवून तेथपर्यंतच चालायचे ठरवणे अधिक चांगले.

वेळेचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: दर 5 किलोमीटरना एक तास आणि चढाईच्या दर 600 मीटरना आणखी एक तास. 7 किलोमीटर अंतर आणि 800 मीटर चढ असेल, तर या हिशेबाने सुमारे पावणेतीन तास लागतील. मात्र हा ठोकताळा सुदृढ प्रौढांचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. मुलांसह जाताना आम्ही त्याची दीडपट ते पावणेदोनपट धरतो, म्हणजे चार ते पावणेपाच तास. सकाळी 6 वाजता निघालेला गट साडेदहा-अकराच्या सुमारास तळ्यावर पोहोचतो, तासभर थांबतो आणि 12 वाजता, कोणीही कोठेही असले तरी, परत फिरतो.

‘कोठेही असले तरी’ हे शब्द आम्ही विचारपूर्वक लिहिले आहेत. तळे वीस मिनिटांवर असताना परत फिरणे जिवावर येते, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु उन्हाळ्यात पर्वतांत दुपारनंतर ढग दाटून विजांसह पाऊस येण्याची शक्यता वाढते. बर्फाच्या पाण्यावर वाहणारे ओढे दिवसभराच्या वितळण्याने दुपारी फुगतात, त्यामुळे सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी परतताना गुडघ्यापर्यंत येऊ शकते. शिवाय उतारावर गुडघ्यांवर भार येतो आणि घसरण्याचे प्रसंगही उतरतानाच अधिक येतात. सायंकाळी उरलेला उजेड हा राखीव साठा आहे; तो चढण्यासाठी खर्च करू नये. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या सदस्याने ठरतो, आणि तो सदस्य दर वेळी मूलच असेल असे नाही.

मुलांकडे पाहताना

मूल दमल्याचे बहुधा सांगत नाही; सकाळपासून अखंड बडबडणारे मूल एकाएकी गप्प होते, रेंगाळते किंवा किरकिर करू लागते. तेथेच थांबून त्याला थोडे खाऊ घालावे आणि पाणी द्यावे. टाच चुरचुरते असे त्याने म्हटल्यास बूट त्याच क्षणी काढून पाहावा. त्वचा नुसती लाल झालेली असताना चिकटपट्टी लावली तर काम भागते. फोड आल्यावर उरलेली वाट अवघड होते. बूट नवे कोरे नसावेत.

समुद्रसपाटीपासून 2,500 मीटरपेक्षा अधिक उंचीवर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर ही मोठ्यांमधील लक्षणे लहान मुलांना सांगता येत नाहीत. त्यांच्यात तो त्रास चिडचिड आणि खाण्यास नकार अशा रूपात दिसतो. अशा वेळी वर जाणे थांबवावे, आणि त्रास वाढत असल्यास विलंब न करता खाली उतरावे.

दर 1,000 मीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने घटते आणि तळ्याकाठी वाराही असतो. घामाने भिजलेले सुती कपडे अंगावर थंड पडतात, म्हणून लवकर वाळणारे कपडे, एक उबदार थर आणि पावसाळी जाकीट प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवे. उन्हाचा चष्मा आणि टोपी ढगाळ दिवशीही घ्यावी.

तळ्याकाठी

पाण्यात पोहण्यास आम्ही परवानगी देत नाही. अतिथंड पाण्यात अचानक शिरल्यावर श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असल्यास उत्तम पोहणाराही बुडू शकतो. काठावर साचलेल्या बर्फावर उभे राहू नये, कारण खालून पाण्याने ते पोखरलेले असू शकते. पाणी नितळ दिसले तरी उकळल्याशिवाय किंवा शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. 2,000 मीटरच्या वर ते तीन मिनिटे खळखळून उकळावे. साबण, अगदी ‘निसर्गस्नेही’ म्हणून विकला जाणाराही, तळ्यात वापरू नये. शौचासाठी पाण्यापासून किमान 60 मीटर दूर जावे.

मेघगर्जना ऐकू येताच काठ आणि उघडी धार सोडून आम्ही खाली उतरू लागतो. शेवटच्या गडगडाटानंतर किमान 30 मिनिटे पुन्हा उघड्यावर जात नाही.

नोंदणी करताना

सर्वांत लहान मुलाचे वय, त्याने आजवर एका दिवसात चाललेले सर्वाधिक अंतर, आदल्या रात्रीच्या मुक्कामाची उंची आणि कुटुंबातील कोणाला दमा, हृदयविकार किंवा गुडघ्याचा त्रास असल्यास त्याची माहिती आम्हांला लेखी कळवावी. या माहितीवरून आम्ही आपल्याला पहिल्या तळ्यापर्यंतची किंवा वरच्या तळ्यापर्यंतची वाट सुचवू. वरच्या तळ्याची हमी आम्ही कोणालाही देत नाही, आणि वाटेवर परत फिरण्याचा निर्णय सोबतच्या वाटाड्याने घेतल्यास तो संपूर्ण गटाला लागू राहील.