गॅप इयर आणि अ‍ॅडमिशन डेफर करणं

विद्यापीठात सीट मिळाली पण लगेच जॉइन न होता, एका वर्षाने येतो असं कळवून तीच सीट राखून ठेवायची, याला अ‍ॅडमिशन डेफर करणं म्हणतात आणि मधलं वर्ष म्हणजे गॅप इयर. पद्धत मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेतली. आपल्याकडे बारावीनंतर नीट किंवा जेईईसाठी मुलं ड्रॉप घेतात तो प्रकार वेगळा, त्यात हातात काहीच नसतं, सगळी मदार पुढच्या परीक्षेवर.

ब्रिटनमध्ये यूकासच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेच्या, फॉर्ममध्येच पुढच्या वर्षीचा प्रवेश मागता येतो, मार्कांची अट मात्र त्याच वर्षी पूर्ण करावी लागते. 1958 मध्ये व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था सुरू झाली तेव्हा शाळा संपलेल्या अठरा वर्षांच्या पोरांनाच ती वर्षभर परदेशी कामाला पाठवायची, म्हणजे ही सवय तिथे बरीच जुनी आहे. अमेरिकेत हार्वर्ड स्वतःच निवडलेल्या मुलांना वर्षभर थांबायचा विचार करा असं सुचवतं, बराक ओबामांची मुलगी मालिया तशीच थांबून 2017 ला तिथे गेली, आणि 2020 मध्ये कोरोनामुळे तर तिथल्या नव्या बॅचमधल्या पाचातल्या एकाहून जास्त मुलांनी डेफर केलं. प्रिन्स्टनने 2009 पासून ब्रिज इयर चालू केलं, त्यात मुलं नऊ महिने बाहेरच्या देशात सेवाकाम करतात, ट्यूशन फी नाही, आणि सुरुवातीच्या ठिकाणांत आपलं वाराणसीही होतं.

महाराष्ट्रात अशी सोय जवळपास नाहीच. कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, मिळालेल्या कॉलेजला मुदतीत रिपोर्ट केलं नाही की सीट गेली, एमएचटी-सीईटी आणि नीटचा स्कोअर त्याच वर्षापुरता चालतो, त्यामुळे वडील आजारी पडले किंवा फीचे पैसे जमले नाहीत म्हणून थांबलेल्या मुलीला परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागते. वर परत अ‍ॅडमिशन घेताना गॅप सर्टिफिकेट मागतात, म्हणजे मधल्या काळात दुसरीकडे कुठे शिकत नव्हते असं नोटरीकडे किंवा तहसीलमध्ये केलेलं प्रतिज्ञापत्र. वर्षभर तिने नोकरी केली, घर सांभाळलं, याची कुठेच नोंद नाही. डेफरलची खरी गरज अशाच मुलांना आहे आणि निदान वैद्यकीय आणि आर्थिक कारणासाठी तरी आपल्या विद्यापीठांनी एक वर्ष सीट राखायला हवी असं मनापासून वाटतं.

परदेशी अ‍ॅडमिट मिळालेल्यांनी डेफर करायचं तर मुदतीच्या आत अ‍ॅडमिशन ऑफिसला कारण आणि वर्षाचा प्लॅन लिहून पाठवायचा, बहुतेक ठिकाणी डिपॉझिट भरावं लागतं आणि त्या वर्षात दुसऱ्या डिग्रीला नाव घालता येत नाही. व्हिसासाठी विद्यापीठ जो प्रवेशाचा कागद देतं तोही बदलावा लागतो: अमेरिकेसाठी आय-20 वर नवी तारीख लागते, ब्रिटनसाठी नवा कॅस, आणि ब्रिटनच्या व्हिसासाठी बँकेत पैसे सलग 28 दिवस दाखवायचे तेही नव्याने, शिवाय एज्युकेशन लोनचं सँक्शन लेटर जुनं चालेल का हे बँकेत विचारून घ्या. स्कॉलरशिप आपोआप पुढे जात नाही, कित्येकदा रद्दच होते, त्यामुळे ती पुढच्या वर्षी मिळणार का याचं लेखी उत्तर आल्याशिवाय डेफरलचा फॉर्म भरू नका.